शारांतच्या बाजारात

एडिनबरा
रविवार, २५ सप्टेंबर २००५

प्रिय दादा,

तुला आणि शशीवहिनींना नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, त्याची कारणं पुढे येतीलच. इथे थंडी सुरू झाली आहे. सकाळी खिडकीच्या काचांवर वाफ धरते आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हीटिंग सुरू केलं की पाइप ठोकल्यासारखे वाजतात. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, फिजिओथेरपिस्ट सांगेल तेवढा व्यायाम करायचाच, दुखलं तरी. भूल देणाऱ्या डॉक्टरचं काम ऑपरेशनच्या टेबलापाशी संपतं, पण सल्ले द्यायची सवय रिटायर झाल्यावरही जात नाही.

कस्तुरीचं लग्न ठरलं, फार आनंद झाला. नकुलचा फोटो पाहिला. मुलगा समंजस वाटतो. फेब्रुवारीत लग्नाला कधी येतेस, किती दिवस राहतेस, हे तू विचारलं आहेस. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी फ्रान्सची हकिगत. ऑगस्टमध्ये मी आणि मॉयरा शारांत नावाच्या भागात राहायला गेलो होतो. पश्चिम फ्रान्समधला हा सगळा शेतीचा मुलूख. मॉयरा शाळेत फ्रेंच शिकवायची, तेव्हाच्या तिच्या एका सहशिक्षिकेने तिथे जुनं घर घेतलं आहे. ते आम्हाला उन्हाळ्यापुरतं मिळालं. तू आयुष्यभर पाटबंधारे खात्यात काढलंस, बहात्तरच्या दुष्काळात कामांवर देखरेखीला होतास, म्हणून तुला यात रस वाटेल. यंदा तिकडे पाऊसच झाला नाही. हिवाळ्यातसुद्धा नाही. घराजवळच्या नदीवर चांगला दगडी पूल आहे. त्यावरून खाली पाहिलं तर नुसते गोटे, आणि मधोमध शेवाळाची एक हिरवी रेघ. बागेला पाणी घालायला बंदी, गाडी धुवायला बंदी, शेतकऱ्यांना नदीतून पंप लावायला बंदी. मका गुडघ्याएवढा होऊन करपला होता. सूर्यफुलं काळी पडून माना टाकून उभी. युरोपातही असं होतं, हे मला इतकी वर्षं इथे राहून प्रत्यक्ष पाहायला मिळालं नव्हतं. स्कॉटलंडमध्ये पाण्याची तक्रार असते ती त्याच्या अतिरेकाची.

पण लोक कोरडे नव्हते. दर गुरुवारी जवळच्या गावात आठवडी बाजार भरायचा. आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखाच, फक्त आवाज कमी. मधोमध लोखंडी खांबांवरचं उंच छप्पर, त्याखाली मांस-मासळी. बाहेर चिनाराच्या जातीच्या झाडांखाली भाजी, फळं, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, सशांची पिल्लं, स्वस्तातल्या चपला, एका टेबलावर नुसते चाकू. चौकातलं कारंजं बंद होतं आणि त्याच्या कोरड्या हौदात एका माणसाने वेण्या घातलेल्या लसणाचं दुकान मांडलं होतं. पोलीस येऊन त्याच्याशी काहीतरी बोलला. मला वाटलं, आता उठवणार. पण तो लसूण घेऊन गेला.

आम्ही दोन गुरुवार त्या बाजाराला गेलो. दुसऱ्या गुरुवारी मला तिथे जरा चक्कर आली. ऊन फार होतं.

मॉयराला हे पत्र लिहिते आहे म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "चक्कर आली असं लिहिलंस, हो ना?" मी म्हटलं, "हो." ती चहाचे कप घेऊन आत गेली. तेव्हा आता त्या दिवसाबद्दल पहिल्यापासून लिहिते.

सकाळी गाडी मॉयरा चालवत होती. दोन्ही बाजूंना ती काळी सूर्यफुलं. ती म्हणाली, "कस्तुरीच्या लग्नाच्या तिकिटाचं पाहिलंस का?"

"पाहीन."

"एक की दोन?"

मी म्हटलं, "तुला कंटाळा येईल. चार दिवस पाहुणे, गोंधळ, बोलणं सगळं मराठीत."

"मी एकदा येऊन गेले आहे. मला कंटाळा आला नव्हता."

ती पुण्याला आली होती ते तुला आठवत असेल. तू तिला पर्वतीवर घेऊन गेलास, वहिनींनी तिला पुरणपोळी लाटायला शिकवली, अप्पा बळवंत चौकातून तिने जुने नकाशे आणले. तुम्ही तिचं अगदी मनापासून केलंत, हे मी विसरलेले नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तू सांगत होतास, "ह्या सुहासच्या घरमालकीण." मी ते कधी दुरुस्त केलं नाही.

गाडीत मॉयरा पुढे म्हणाली, "घरमालकीण हा शब्द मी त्याच वेळी डिक्शनरीत पाहिला होता. परत येताना विमानात तुला विचारणार होते. मग म्हटलं, तूच बोलशील."

मी बाहेर पाहत राहिले.

"तुझी घरमालकीण म्हणून मी पुन्हा पुण्याला येणार नाही," ती म्हणाली. "आणि तू एकटी गेलीस, तर परत येशील तेव्हा मी घरी असेनच असं नाही." आवाज चढवला नाही. शाळेत मुलींना गृहपाठाची तारीख सांगावी तसं सांगितलं, गियर बदलला आणि बाजाराच्या मागच्या मैदानात गाडी लावली.

दादा, इथलं घर माझ्या नावावर आहे. ते मी घेतलं तेव्हा मॉयरा तिथे राहायला आली. त्यामुळे ती शब्दशःसुद्धा माझी घरमालकीण नाही. हे तुला आधी माहीत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. तू कधी विचारलं नाहीस. न विचारण्यात तुझी सोय होती आणि न सांगण्यात माझी.

बाजारात ती माझ्यापुढे चालत होती, दोन दुकानं सोडून. तिने डोक्यावर गवताची हॅट घातली होती, त्यामुळे गर्दीतही ती कुठे आहे ते कळायचं. मी एका बाईंकडून खरबुजं घेतली. तिकडची खरबुजं लहान, वरून करड्या हिरव्या रंगाची आणि आतून केशरी. यंदा तर मुठीएवढीच. मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये म्हटलं, "लहान आहेत." त्या बाई म्हणाल्या, "पाणी नाही ना. पण सगळी साखर आत साठली आहे." एक कापून त्यांनी माझ्या हातावर फोड ठेवली. खरोखरच गोड होती. मॉयराला हाक मारून एक फोड द्यावी असं वाटलं, पण सकाळचं बोलणं झाल्यावर तिला कोणत्या आवाजात हाक मारायची ते सुचेना. मी ती उभ्याउभ्या एकटीने खाल्ली.

पुढे कालवंवाल्याच्या रांगेत उभी राहिले. समुद्र तिथून फार लांब नाही, बर्फात घालून कालवं येतात. मॉयराला कालवं आवडतात, मला ती बघवतही नाहीत. समेटाचा तो एक मार्ग होता. रांगेचा शेवट झाडाच्या सावलीबाहेर होता. उभी असताना कान भरल्यासारखे झाले. पुढच्या माणसाच्या टोपीच्या कडा काळ्या दिसू लागल्या, आणि मग काहीच दिसेना.

जाग आली तेव्हा मी जमिनीवर होते आणि वर झाडाची पानं होती. ऑगस्टमध्येच पिवळी पडलेली. सवयीने मी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली. नाडी तीसच्या आसपास होती, दोन ठोक्यांत इतकं अंतर की पुढचा येतो की नाही असं वाटावं. ही उन्हाची चक्कर नव्हती. टेबलावरच्या पेशंटची नाडी अशी सापडली असती तर मी ताबडतोब ॲट्रोपिन दिलं असतं. भीती वाटली का, असं तू विचारशील. त्या क्षणी मी फक्त नोंद घेत होते. भीती नंतर वाटली, हॉस्पिटलात, सगळं सुरळीत झाल्यावर.

चीज विकणारी एक धिप्पाड बाई लोकांना मागे हटवत होती. तिने रिकामं खोकं ओढून माझे पाय त्यावर ठेवले. कालवंवाल्याने पिशवीत बर्फ भरून माझ्या मानेखाली सरकवला. त्यात समुद्रातलं गवतही आलं होतं, खारट वासाचं. मॉयरा माझ्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली होती. हॅट कुठेतरी पडली होती. ती माझं नाव पुन्हा पुन्हा घेत होती, पूर्ण नाव, सुहासिनी. एरवी ती मला सू म्हणते.

"नाडी हळू आहे," मी तिला म्हटलं. "हार्ट ब्लॉक असावा. त्यांना सांग, ईसीजी लगेच काढा."

"गप्प पड," ती म्हणाली, पण सांगितलं.

फ्रान्समध्ये अशा वेळी बऱ्याचदा अग्निशामक दलाचे लोक येतात. आपल्याकडे बंब आला तर लोक आग शोधतील. दोघं तरुण होते आणि एक बाई. त्यांतल्या एकाने माझ्या छातीला तारा लावता लावता मॉयराला विचारलं, "तुम्ही हिच्या कुटुंबातल्या का?"

मॉयराने उत्तर दिलं, "सॅ मा फाम."

माझं फ्रेंच बाजारापुरतं आहे, पण हे तीन-चार शब्द मला येतात. ही माझी बायको.

तिने ते हळू आवाजात सांगितलं नाही. वर्गात मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं असं बोलायची तिची सवय आहे. आजूबाजूला निदान वीस माणसं उभी असतील. त्या तरुणाने मान हलवली आणि विचारलं, "वय? काही औषधं चालू आहेत?" चीजवाल्या बाईने मॉयराची हॅट उचलली, धूळ झटकली आणि तिच्या हातात दिली. एवढंच घडलं. लसूणवाला पुन्हा आपल्या हौदात जाऊन बसला.

मला त्या वेळी पहिला विचार काय आला ते तुला सांगायला हवं, कारण त्याचसाठी मी हे पत्र लिहिते आहे. माझं हृदय बंद पडायच्या बेतात होतं, मी परक्या देशात धुळीत आडवी पडले होते, आणि मला वाटलं, दादाने ऐकलं तर. त्या बाजारात तुला ओळखणारं कुणी असायची सुतराम शक्यता नव्हती. तरी मी डोळे मिटून घेतले. मॉयराला वाटलं मी पुन्हा बेशुद्ध पडले. तिने माझ्या गालावर चापट मारली, चांगली जोरात.

जिल्ह्याच्या गावी मोठं हॉस्पिटल होतं. गाडीत मॉयराला माझ्याशेजारी बसू दिलं. तिथे कार्डिऑलॉजिस्ट तरुण मुलगी होती, तिने ईसीजी मला दाखवला, आम्ही दोघींनी एकाच वेळी तेच निदान केलं. त्याच आठवड्यात पेसमेकर बसवला. डाव्या खांद्याच्या खाली, काडेपेटीएवढा उंचवटा आहे. आता मी ठीक आहे, जिने चढते, गाडी चालवायचीही परवानगी मिळाली. राखीपौर्णिमेला मी तुला फोन केला तो हॉस्पिटलच्या पलंगावरून. तू म्हणालास, आवाज फार लांबून येतोय. मी म्हटलं, लाइन खराब आहे. मागे जे टुक टुक ऐकू येत होतं ते मॉनिटरचं होतं.

बाजारात पडले त्याच दिवशी संध्याकाळी मॉयरा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली होती. नर्सने तिला तिथेच जेवण आणून दिलं होतं. मी विचारलं, "बाजारात त्या मुलाला काय सांगितलंस?"

"ऐकलंस ना तू."

"फ्रेंचमध्ये फाम म्हणजे नुसती बाईसुद्धा होते," मी म्हटलं. "आमच्याकडेही बायका म्हटलं की दोन्ही अर्थ."

"त्याला व्याकरण शिकवायला मला वेळ नव्हता," ती म्हणाली. "मला गाडीत चढायचं होतं."

मग म्हणाली, "सकाळी जे बोलले ते मी मागे घेत नाही. पण आज तो विषय नको."

मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही. माझी तब्येत बिघडली म्हणून तिने तो विषय सोडून दिला असता, तर मी तो कायमचाच सोडून दिला असता, हे तिला माहीत असावं.

एडिनबराला परत आल्यावर कस्तुरीचा फोन आला. तिला मी पेसमेकरचं सांगितलं, तुला सांगू नको म्हटलं. तिने शब्द पाळलेला दिसतो, तिच्यावर रागावू नकोस. बोलता बोलता मी तिला विचारलं, लग्नात मॉयरा आली तर तुला कसं वाटेल. ती हसली. म्हणाली, "आत्या, एमएस्सीला मी वर्षभर तुमच्याकडे राहिले. फ्लॅटला बेडरूम दोन, त्यातली एक मला दिली होतीत. मी काय एवढी भोळी आहे का ग? मॉयरा मावशी आली नाही तर मला आवडणार नाही. पण बाबांना मी सांगणार नाही. ते तुझं काम."

तिने मॉयराला मावशी कधी ठरवलं ते मला माहीत नाही. बहुतेक त्याच वर्षी, मी ड्यूटीवर असताना.

मग मी आणखी एक गोष्ट केली. इथे डिसेंबरपासून नवा कायदा लागू होतो आहे. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना रजिस्ट्रारपुढे सही करून आपलं नातं नोंदवता येईल. त्याला लग्न म्हणत नाहीत, सिव्हिल पार्टनरशिप म्हणतात. आम्ही पेपरात वाचलं होतं आणि त्यावर दोघींपैकी कुणीच काही बोललं नव्हतं. परवा मॉयरा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी विचारलं, "डिसेंबरच्या शेवटी काय करते आहेस?"

ती म्हणाली, "हे विचारणं आहे का?"

"हो."

"मग नीट विचार."

मी नीट विचारलं. ती हो म्हणाली आणि मग एकदम खुर्चीत बसून रडली, हातात बटाटा तसाच. मी तिला इतक्या वर्षांत दोनदाच रडताना पाहिलं आहे, एकदा तिची आई गेली तेव्हा. मला काय करावं ते कळेना. मी गॅस बंद केला आणि तिच्याजवळ उभी राहिले.

तेव्हा दादा, फेब्रुवारीचं. मला कस्तुरीच्या लग्नाला यायचं आहे. फार यायचं आहे. ती जन्मली तेव्हा मी इथे होते, तिची मुंज वगैरे काही नसते म्हणून तो प्रश्न नव्हता, पण तिचा प्रत्येक वाढदिवस माझा टेलिफोनवर गेला. मी आले तर मॉयराला घेऊन येईन. तिथे भाषण देण्याची माझी इच्छा नाही, स्टेजवर कुणाला काही समजावून सांगायचं नाही. कुणी विचारलं, ह्या कोण, तर तू "ही मॉयरा, सुहासची" एवढं म्हटलंस तरी चालेल. पुढचा शब्द ज्याला हवा तो त्याने लावावा. तुला तेही जमणार नसेल, व्याह्यांसमोर अवघड होणार असेल, तर तसं लिही. मी समजू शकते. कस्तुरीला माझा आहेर आणि आशीर्वाद पोचतील, मी तुझ्यावर डूख धरणार नाही. पण मी एकटी येणार नाही. ह्यापुढे कुठेच एकटी म्हणून येणार नाही.

वहिनींना हे पत्र वाचायला दे. त्यांना सगळं माहीत असेल असा मला संशय आहे. पुरणपोळी लाटताना त्यांनी मॉयराला एकदा विचारलं होतं, "सुहासला रात्री अजून पायात गोळे येतात का?" घरमालकिणीला कुणी हे विचारत नाही.

उत्तर द्यायला वेळ घे. घाईने काहीतरी चांगलं लिहिण्यापेक्षा सावकाश खरं लिही. मात्र फोन करू नकोस. फोनवर आपण दोघं हवापाण्याचं बोलू, वहिनींच्या गुडघ्याचं बोलू आणि ठेवून देऊ. इतकी वर्षं आपण तेच करत आलो. हे पत्र मी पेटीत टाकेन आणि मग रोज सकाळी दाराशी वाट पाहीन, एवढं तुला माहीत असू दे.

आम्हा दोघींचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
सुहासिनी